निवेदनात खाम नदी कुठे आहे?

तुमचं निवेदन वाचलं. सहीही केली आहे, कारण पहिली मागणी रास्त आहे. पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाला आठ-आठ दिवस नळाकडे डोळे लावून बसावं लागणं ही शहराला लाज आणणारी गोष्ट आहे. २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेली १,६८० कोटींची योजना पुढे २,७४० कोटींवर गेली आणि लोकांच्या घरातले ड्रम काही हलले नाहीत. त्याचा जाब विचारा, मोर्चा काढा, मी पुढे चालेन. पण गुलमंडीवर, मछली खडकावर, टिळक पथावर आज ज्यांची दुकानं आहेत त्यांतल्या कित्येकांना मी भूगोल शिकवला आहे, आणि चार पानांत तुम्ही पाण्याबद्दल जे लिहिलंत ते वाचून मला गप्प बसवत नाही. तेव्हा बसा आणि ऐकून घ्या. मध्ये कोणी बोलायचं नाही.

चार पानांत जायकवाडी आहे, जलवाहिनी आहे, कोटींचे आकडे आहेत. खाम नदीचं नाव एकदाही नाही. हर्सूल तलाव नाही, सलीम अली सरोवर नाही, नहर नाही, तुमच्या स्वतःच्या वाड्यातला आड नाही. पाणी कुठून यावं हे लिहिलंत. वापरून झाल्यावर ते कुठे जातं, हा प्रश्न तुमच्यातल्या एकालाही पडला नाही. दहावीच्या पेपरात असं अर्धवट उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी ते परत लिहून आणायला लावलं असतं. आज मीच पुरं करून सांगते.

जायकवाडीच्या नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट. आपलं शहर त्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त उंचीवर. म्हणजे चाळीसेक किलोमीटरवरून पाणी नुसतं आणायचं नाही, चढवायचं आहे, आणि त्याच्या प्रत्येक लिटरमागे वीज जळते. जलशुद्धीकरण, टाक्या, वाहिन्या, नळ, इथवर तुम्हांला पाठ आहे. पुढचं ऐका. तुमच्या मोरीतलं, संडासातलं, हॉटेलात भांडी घासलेलं पाणी गल्लीच्या गटारातून औरंगपुऱ्याच्या बाजूच्या नाल्यांकडे जातं. त्या नाल्यांवर आपण स्लॅब टाकले, वर बांधकामं केली आणि दिसेनासं झालं म्हणून विसरलो. नाले खाम नदीला मिळतात. खाम जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूल तलाव, मकाई दरवाजा, पाणचक्की, बारापुल्ला, छावणी असं करत वाळूजच्या अंगाला उतरते आणि नाथसागराला मिळते. त्याच नाथसागराला, जिथून तुमचं पिण्याचं पाणी उचललं जातं. भूमिगत गटारं झाली, कांचनवाडीला सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. जे पाणी तिथवर पोहोचतं ते साफ होऊन पुढे जातं. जे वाटेतच नाल्यात शिरतं, ते आहे तसं नदीत जातं. बारापुल्ल्यावर उभं राहिलं की ते डोळे मिटूनही कळतं.

२०२१ पासून खामच्या पुनरुज्जीवनाचं काम सुरू आहे. महापालिका, छावणी परिषद, शहरातले उद्योग आणि इको सत्त्व ही संस्था यांनी मिळून काठावरचे कचऱ्याचे ढीग उचलले, काठ नीट केले, झाडं लावली. काम चांगलं आहे. आता मला सांगा, दुकानाचं शटर ओढल्यावर तुमच्या मालाचा थर्माकोल, कॅरीबॅग, पुठ्ठे कुठे जातात? घंटागाडी सकाळी येते हे ठाऊक असून रात्रीच नाल्याच्या कडेला पोतं नेऊन टाकणारा मुलगा तुमच्याच दुकानातला आहे. त्याला तुम्ही पाठवता. पहिल्या जोराच्या पावसात ते पोतं कुठे जाईल हे तुम्हांला नकाशावर दाखवता येतं, कारण तो नकाशा मी तुमच्याकडून काढून घेतला होता.

आता नळ येतो त्या दिवसाबद्दल. हे मी रस्त्यावर उभं राहून बघते, म्हणून सांगते. वेळ जवळ आली की गल्लीतल्या पहिल्या घरात मोटार घुरघुरायला लागते. नळाची तोटी काढून थेट वाहिनीला जोडलेली. मग दुसऱ्या घरात, मग तिसऱ्या. पाण्याचा दाब गल्लीच्या तोंडाशीच संपतो. शेवटच्या घराचा नळ हवा सोडतो, दोन तांबे गढूळ पाणी देतो आणि थांबतो. त्या घरात जी म्हातारी राहते तिच्याकडे मोटारीला पैसे नाहीत, आणि असते तरी ती लावली नसती. ती ड्रमवाल्याला पैसे मोजून पाणी घेते. म्हणजे या गल्लीत सर्वांत गरीब माणूस सर्वांत महाग पाणी पितो, आणि ते महाग करणारे तुम्ही आहात. निवेदनात तुम्ही 'समन्यायी वाटप' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला आहे. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला आपला वाटा मिळावा म्हणून मराठवाडा वर्षानुवर्षं भांडतोय आणि ते भांडण योग्यच आहे. वरचा खालच्याचं पाणी अडवतो ही तुमची तक्रार. मग तुमच्या गल्लीत वरचा कोण आणि खालचा कोण?

आणि यात नुसती चोरी नाही, धोका आहे. वाहिनीत पाणी कमी आणि ओढणाऱ्या मोटारी जास्त झाल्या की आतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. जिथं सांधा ढिला असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. जुन्या शहरात पाण्याची वाहिनी आणि गटार एकमेकांना खेटून जातात, हे तुम्ही रस्ता खोदलेला असताना पाहिलं आहे. तेव्हा मोटार काय ओढून आणते ते समजून घ्या. गल्लीत कावीळ आणि हगवण पसरली की तुम्ही पालिकेला शिव्या घालता. पालिकेची वाहिनी जुनी आहे, हा तिचा दोष. तिच्यात घाण ओढून घेतली, हा तुमचा.

टाकी भरली, ओसंडली, तरी मोटार बंद करायला कोणी जागचं उठत नाही. पाइप लावून दुकानाच्या पायऱ्या आणि पायऱ्यांपुढचा रस्ता धुतला जातो. आणि जी गोष्ट पाहून मला सगळ्यांत जास्त चीड येते ती ही, की आठवडाभर जपून ठेवलेलं पिण्याचं पाणी नवं पाणी आल्याबरोबर 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओतलं जातं. पाणी शिळं होत नाही. ते झाकून ठेवलं, भांडं स्वच्छ असलं, वगराळ्यानं काढलं, तर ते चांगलंच राहतं. मनात शंका असेल तर त्यानं कपडे धुवा, फरशी पुसा, झाडांना घाला. हे मी लहान मुलांना सांगत असे. मोठ्यांना सांगावं लागतंय.

हे शहर वसलं तेव्हा पंप नव्हते आणि वीज नव्हती. मलिक अंबरनं १६१० मध्ये ते खडकी या नावानं वसवायला घेतलं तेव्हा इथं पाणी नाही म्हणून लोक त्याला हसले असतील, पण त्यानं आधी जमीन वाचली. उत्तरेच्या डोंगरांत पावसाचं पाणी मुरतं आणि हळूहळू खाली झिरपतं हे ओळखलं, ते जमिनीखालीच अडवलं, आणि उताराचा अचूक हिशेब धरून दगडी भुयारांतून, खापरी नळांतून शहरात आणलं. उघड्यावर नसल्यामुळे उन्हानं ते उडत नव्हतं. वाटेत जागोजाग उंच बंबे बांधले. बंब्यात पाणी वर चढायचं, अडकलेली हवा सुटायची, दाब ताब्यात राहायचा आणि तिथून पुढच्या वस्तीला वाटणी व्हायची. अंबरी नहर, पुढे पाणचक्कीची नहर, बेगमपुऱ्याची थत्ते नहर, अशा नहरींवर हे शहर पिढ्यान् पिढ्या जगलं. पाणचक्कीला तुमची सहल मीच नेली होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण दळणारं ते जातं कशावर फिरायचं हे मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी हात वर केले होते. मोठे झाल्यावर त्याच नहरींच्या डोक्यावर तुम्ही प्लॉट पाडलेत, भुयारं फोडून नळ ओढलेत, त्यांत सांडपाणी सोडलंत. बंब्यांवर पिंपळ उगवले आहेत आणि त्यांची मुळं चारशे वर्षांचा चुना सोडवत आहेत. तिकडे बुऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी, म्हणजे अंबरी नहरीच्याच काळात, अशाच तऱ्हेनं बांधलेला कुंडी भंडारा अजून वाहतो. तिथला कातळ आपल्यासारखाच काळा आहे.

कातळाचं नाव निघालं तर बोअरबद्दल बोलते. प्रत्येकाला आपल्या दारात बोअर हवा. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलो आहोत. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, त्याखाली अखंड पाषाण. पाणी धरतो तो वरचा झिजलेला थर, आणि तोही फार कंजूष आहे. शंभर घनफूट मुरमातून दोन-तीन घनफूट पाणी हाती लागलं तर पुष्कळ. जुन्या विहीर खणणाऱ्यांना हे ठाऊक होतं. ते मांजऱ्यापर्यंत जात, झरे लागले की थांबत. तुम्ही यंत्र बोलावता आणि तीनशे, चारशे फूट पाषाण फोडता. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसती पांढरी धूळ. आणि भेगेत जे पाणी सापडतं ते वरच्या मुरमातूनच उतरलेलं असतं, म्हणजे शेजाऱ्याच्या आडातलं. तुमच्याकडे वर्षभर पाणी राहिलं म्हणून तुम्ही खूश, आणि त्याचा आड आटला म्हणून तोही आता यंत्र बोलावणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण तुमच्या आज्या रोज वापरायच्या. त्या आडाजवळ राहत होत्या म्हणून.

गुलमंडीच्या आजूबाजूच्या जुन्या वाड्यांत आड होते. आज त्यांतले किती फरशीखाली आहेत? किती आडांवर स्लॅब टाकून वर मालाची थप्पी लावली आहे? किती आडांत वाडा पाडल्याची माती, विटा, मोडक्या खिडक्या लोटल्या? औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावरची विहीर तुम्हांला अनंत चतुर्दशीला आठवते, मिरवणुकीचं वळण तिकडे असतं म्हणून. बाकीचं वर्ष तिच्या पाण्याची पातळी काय आहे, ते कशाला वापरता येईल, हे एकाही मंडळानं विचारल्याचं मी ऐकलं नाही. ढोल-ताशाला वर्गणी जमते. विहीर उपसायला जमत नाही.

पाऊस कमी पडतो, हे तुमचं ठरलेलं उत्तर. पाटी घ्या. शहराची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे जवळजवळ ९३ चौरस मीटर. त्यावर वर्षाला पडतं सुमारे ६५,००० लिटर. पाचवा हिस्सा उडाला, सांडला, पहिल्या सरीला गच्ची धुण्यात गेला असं धरा. तरी ५२,००० लिटर उरतात. दोन हजार लिटरचा टँकर तुम्ही उन्हाळ्यात मागवता, तसे २६ टँकर. पाच माणसांच्या घराला, माणशी १३५ लिटरच्या सरकारी हिशेबानं, अडीच महिने पुरेल इतकं. दुष्काळी साली निम्मा पाऊस झाला तरी १३ टँकर पदरात पडतात. गुलमंडीवर छतांची कमी नाही. ते पाणी पन्हाळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून खाममध्ये जातं, आणि तुंबलं की दुकानांत शिरतं. तेव्हाही तुम्ही निवेदन देता.

जायकवाडी भरलं की चिंता मिटली, असं तुम्ही पान तीनवर लिहिलंय. खोडून टाका. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, त्यासाठी शंभरावर गावांची शिवारं पाण्याखाली गेली. एवढ्या किमतीचं पाणी आहे ते. क्षमता १०२ टीएमसी, त्यातला २६ मृतसाठा. तलाव खोल नाही, पसरट आहे. भरलेला असताना त्याचा पृष्ठभाग सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यावरून एक मिलिमीटर पाणी उडालं तर ३५ कोटी लिटर गेले. उन्हाळ्यात पाणी दिवसाला अनेक मिलिमीटर उडतं. त्याच पाण्यावर कालव्यांची शेती आहे, ऊस आहे, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आहेत, परभणीपर्यंतची गावं आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा तुमच्यातले काही जण त्या बातमीवर हळहळले होते. लातूरही एका धरणाच्या भरवशावर होतं.

आणि ते पाणी तुमच्या एकट्याचं नाही. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात, उथळ पाण्यात रोहित उतरतात. काठावरचे भोई त्याच पाण्यातल्या मासळीवर घर चालवतात. तुमच्या मोरीतलं पाणी तिथं गेलं की काय होतं ते नीट समजून घ्या. साबण, मैला, उष्टं यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं. शेतात जे खत, तेच तलावात. त्यावर शेवाळ माजतं, जलपर्णी माजते. चांगलं खत मिळालं तर जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं एक रोप उपटून बघा. खाली काळपट, केसाळ मुळांचा झुपका लोंबतो, चिखल आणि घाण धरून ठेवणारा, आणि त्यात डासांच्या अळ्या. वर जाड हिरवी चादर, त्यामुळे खाली ऊन जात नाही. खालच्या वनस्पती मरतात, कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. पहाटे तो सर्वांत कमी होतो, आणि मासे तोंड वर काढून मरतात. तुम्हांला हे पाहायला नाथसागरापर्यंत जावं लागणार नाही. दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर, जुना खिजरी तलाव, तिथं हेच होत आलं आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाचं नाव दिलं आणि त्यात सांडपाणी सोडलं. नाव दिल्यानं पाणी वाचत नाही. जलपर्णी काढायला दरवेळी पैसे खर्च होतात आणि खत पुरवणारे नाले चालूच राहतात, मग ती परत येते.

आपल्याहून कोरड्या मुलखातले लोक काय करतात बघा. नामिबियाची राजधानी विंडहोक वाळवंटाच्या कडेला आहे. तिथं १९६८ पासून सांडपाणी पुन्हा पुन्हा गाळून, शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. केप टाऊनचे तलाव २०१८ मध्ये तळाला गेले तेव्हा माणशी ५० लिटरची मर्यादा घातली आणि लोकांनी ती मनावर घेतली. पण इतकं लांब कशाला जायचं? वाळूजच्या शेजारी पाटोदा आहे. भास्करराव पेरे पाटलांच्या त्या गावात पाण्याला मीटर आहे, जेवढं वापरलं तेवढे पैसे. जालन्याकडे कडवंची आहे. १९९६ पासून तिथं डोंगरमाथ्यापासून पाणी अडवण्याची कामं झाली, पुढे शेततळी झाली, आणि कोरड्या शिवारात द्राक्षं पिकली. त्या गावांत तुमच्यापेक्षा जास्त पाऊस पडत नाही. तुमच्यापेक्षा कमी शिकलेली माणसं तिथं पाण्याचा जमाखर्च मांडतात. तुम्ही दुकानाचा पै-पैचा हिशेब रोज रात्री मांडता, आणि घरात पाणी किती आलं, किती गेलं हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघता.

निवेदनाला पाचवं पान मी जोडलं आहे. त्यात पालिकेकडे मागणी आहे की सांडपाण्याचा प्रत्येक नाला प्रक्रिया केंद्राला जोडावा, शुद्ध केलेलं पाणी बागांना, बांधकामांना आणि कारखान्यांना द्यावं, उरलेल्या नहरी आणि बंबे मोजून, नकाशावर घेऊन त्यांवरची बांधकामं थांबवावीत, आणि प्रत्येक जोडणीला मीटर लावावं. मीटरच्या मागणीवर तुमच्यातले काही जण कुरकुरणार हे मला दिसतंय. कुरकुरा, पण ते वाक्य राहील. त्याच्याखाली तुमच्या सह्यांची जागा आहे, आणि त्या सह्यांच्या वर लिहिलंय की आमच्या नळाला मोटार नाही, आमच्या दुकानाचा कचरा नाल्यात जात नाही, आमच्या छताचं पाणी या पावसाळ्यापासून आडात किंवा टाकीत जाईल. खोटी सही कोणी करायची नाही. मोटार आधी काढायची, मग पेन हातात घ्यायचं.

काम मृगाच्या आधी व्हायला हवं. गच्ची झाडून घ्या, पन्हाळीला जाळी बसवा, पहिल्या दोन सरी बाहेर सोडा, आणि पाणी आडात सोडण्याआधी वाळू-खडी-कोळशाच्या गाळणीतून जाऊ द्या. संडासाची टाकी आडापासून किती लांब आहे ते मोजा, जवळ असेल तर ते पाणी पिऊ नका, वापरायला घ्या. आणि ज्यांना झाकलेला आड उघडायचा आहे त्यांना निक्षून सांगते, झाकण काढल्याबरोबर कोणालाही आत उतरवायचं नाही. बंद आडात विषारी वायू साचलेला असतो आणि तो दिसत नाही, त्याला वासही असेलच असं नाही. दोर बांधून मजूर खाली सोडला आणि तो वर आला नाही, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. अग्निशमन दलाच्या माणसांना बोलवा, ते तपासून हो म्हणतील तेव्हाच गाळ काढायला सुरुवात करा.